एचची आडवी दांडी

फरशांच्या गोदामात माल मोजणाऱ्या माणसाला सगळे फेरमोजे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं. गाडी भरली, खोकी मोजून झाली, चालकानं किल्ली फिरवली की हा गडी हात वर करून म्हणायचा, थांबा, एकदा परत मोजतो. चालक कपाळावर हात मारायचा, हमाल जागच्या जागी बसकण मारायचे आणि हा पहिल्या खोक्यापासून पुन्हा सुरुवात करायचा. आकडा तोच यायचा. इतक्या वर्षांत दुसऱ्या मोजणीनं पहिलीला एकदाही खोटं पाडलं नव्हतं, पण म्हणून दुसरी मोजणी सोडून द्यावी असं त्याला कधी वाटलं नाही. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या त्याच्या मित्रानं एका दुपारी वैतागून त्याला हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं की नवीन आलेले लोक त्याला आदरानं फेरमोजेसाहेब म्हणू लागले. त्यानंही कधी दुरुस्ती केली नाही. आपल्याला साहेब म्हणतंय कुणी तर म्हणू दे, एवढाच विचार त्यानं केला.

घरीही तेच. कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा चढून कुलूप ओढून बघायचा. गॅसचं बटण दोनदा, नळ दोनदा, खिशातला रुमाल दोनदा. लग्नाच्या बाबतीतही त्यानं दोनदा विचार करायचं ठरवलं होतं, पण त्याचा दुसरा विचार पूर्ण होईपर्यंत मुलींची लग्नं होऊन जायची. असं करता करता चाळिशी मागे पडली. तो ताई आणि भावोजींबरोबर राहायचा. ताई मोठी, तोंडाची फटकळ आणि भावावर जीव टाकणारी. भावोजी घरात असून नसल्यासारखे, वर्तमानपत्राच्या पलीकडे.

तर या फेरमोजेला मालकांनी एक दिवस बोलावून सांगितलं की गोदामात संगणक येतोय, यापुढे बिलं त्याच्यावरच निघणार, तेव्हा कुठेतरी जाऊन जरा शिकून घे. फेरमोजे मान डोलावून निघाला तो थेट मागच्या गल्लीत गेला. तिथे लाँड्रीच्या डोक्यावर एक संगणकाचा क्लास होता. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला लावून मांडलेली यंत्रं आणि खालून येणारा गरम इस्त्रीचा वास. एवढं सगळं त्यानं पाहिलं, फक्त पाटीवर क्लास कशाचा लिहिलाय ते पाहिलं नाही. दोनदा तर सोडाच, एकदाही नाही. माणसाचं नशीब उघडायचं असलं की त्याच्या सवयीसुद्धा तेवढ्यापुरत्या रजेवर जातात.

आत मॅडम शिकवत होत्या. वयानं त्याच्याच आसपासच्या. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खुपसलेली, चष्मा गळ्यातल्या साखळीला लटकलेला, आवाज असा खणखणीत की खालचा लाँड्रीवालासुद्धा आता अर्धा प्रोग्रॅमर झाला असेल. फेरमोजेला त्यांनी हातानंच बाकावर बसायची खूण केली आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं. शिकवत होत्या सी, म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा. बिलांचा आणि त्या सीचा काडीचा संबंध नव्हता. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरंपोरी. फेरमोजेला वाटलं, बिलं पुढच्या आठवड्यात येत असतील. ती कधीच आली नाहीत. बिलं काढायला त्याला संगणक बसवायला आलेल्या माणसानं एका दुपारीच शिकवून टाकलं, आणि त्या दिवशी क्लास सोडायला त्याच्याकडे सबळ कारण होतं. पण तोवर गोष्ट हाताबाहेर गेली होती.

मॅडमची शिकवायची तऱ्हा और होती. त्यांच्या क्लासला महिने नव्हते, अक्षरं होती. संगणकाच्या पडद्यावर ताऱ्यांची चिन्हं जुळवून इंग्रजी अक्षरांचे आकार काढायचे, मोठाले, ए पासून झेड पर्यंत. प्रत्येक अक्षराला एक प्रोग्रॅम. त्या म्हणायच्या की ज्याला सव्वीस अक्षरं जमली त्याला लूप जमला आणि ज्याला लूप जमला त्याचं पुढचं कशात अडत नाही. एक अक्षर बरोबर आल्याशिवाय पुढचं मिळायचं नाही. हुशार पोरं भराभर झेड गाठून निघून जायची, रडतराऊ रेंगाळायचे.

लूप म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा करायचा फेरा, हे फेरमोजेला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. एक लूप बाहेर, एक आत. बाहेरचा ओळी मोजतो, आतला त्या ओळीतल्या जागा मोजतो. पहिली ओळ, तिच्यातली पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी जागा, ओळ संपली की दुसरी ओळ, परत पहिल्या जागेपासून. प्रत्येक जागी थांबून एकच विचार करायचा, इथे तारा ठेवू की जागा रिकामी सोडू. फेरमोजेला वाटलं, अरे, हे तर माझंच वर्णन चाललंय. आपण आयुष्यभर जे करतोय ते एक यंत्रही करतं आणि त्याला कुणी हसत नाही, उलट क्लास काढून शिकवतात, हे कळल्यावर त्याची छाती फुगली.

त्या फुगलेल्या छातीनिशी त्यानं ए लिहायला घेतला. ए म्हणजे वर टोक, खाली फाकलेले दोन पाय, मधे दांडी. तारे त्यानं अचूक मोजले. पण ताऱ्यांच्या आधी डावीकडे ज्या रिकाम्या जागा सोडायच्या असतात त्या सोडायच्या राहिल्या. ही चूक अगदी खरी होती, नवख्या माणसाची. बटण दाबल्यावर पडद्यावर जो ए उभा राहिला त्याचा डावा पाय काठीसारखा ताठ आणि उजवा पाय लांब पसरलेला. भिंतीला शिडी टेकवून ठेवावी तसा तो दिसत होता.

मॅडम मागून आल्या. चष्मा लावून वाकून बघितलं. आणि हसल्या. हसल्या म्हणजे गालातल्या गालात नव्हे. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग अंबाड्यातली पेन्सिल निसटून खाली पडली आणि त्या फळ्याला हात टेकून उभ्या राहिल्या. सगळा वर्ग अवाक. मॅडमना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या की माफ करा, पण या ए ला आधी बसायला खुर्ची द्या. फेरमोजेनं पेन्सिल उचलून दिली, आणि तेवढ्यात त्याचं काम झालं होतं. कुठलाही दुसरा विचार नाही, फेरमोजणी नाही, काही नाही. हा माणूस पहिल्या मोजणीतच प्रेमात पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ए बरोबर काढला. मॅडमनी मान हलवली, ठीक, बी घ्या, म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. फेरमोजेला घरी जाताना कसंसंच झालं. एक अक्षर कमी झालं होतं आणि हसणं मिळालं नव्हतं. अक्षरं संपली की कोर्स संपणार, कोर्स संपला की जिना बंद. हे दोन हिशेब त्यानं रस्त्यातच मांडले आणि आयुष्यात पहिल्यांदा चूक करायचं ठरवलं.

सोपं नव्हतं ते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक खोकं चुकवलं नाही त्याला मुद्दाम चुकायला सांगणं म्हणजे माशाला रस्त्यानं चालायला सांगण्यासारखं. बी लिहिताना त्यानं खालच्या पोटाची अट एका घरानं वाढवली, पुन्हा कमी केली, पुन्हा वाढवली. बटण दाबलं. बी चं वरचं पोट नीटस आणि खालचं सुटलेलं, भरपेट जेवून उठल्यासारखं. मॅडम आल्या, वाकल्या, आणि हसल्या. चष्मा काढण्यापर्यंत गेलं नाही, पण खांदे हलले. फेरमोजे त्या दिवशी गोदामातून निघताना गाडी एकदाच मोजून मोकळा झाला आणि हमाल घाबरले, याला ताप वगैरे आलाय की काय.

मग सुरू झाली मजा. प्रत्येक अक्षराला आधी एक चूक, नंतर बरोबर. चूकही अशी तशी नाही. हसू येईल अशी, पण बावळट वाटणार नाही अशी, आणि आधी केलेली पुन्हा नाही. फेरमोजे चूकही दोनदा तपासून करायचा. ई चे तिन्ही हात वेगवेगळ्या लांबीचे काढले. के चा एक पाय आखूड ठेवला. ओ ची शेवटची ओळच छापली नाही, त्यामुळे ओ उपड्या पेल्यासारखा झाला. पी मधे अट उलटी केली, जिथे तारे हवेत तिथे मोकळं आणि जिथे मोकळं हवं तिथे तारे, पडदा नुसता झगमगला. टी चा खांब एका टोकाला सरकवला तेव्हा मॅडम म्हणाल्या की यावर झेंडा तरी लावा, आणि पेन्सिल दुसऱ्यांदा पडली. फेरमोजेनं ती झेलली.

या चुका तो गोदामात बसून आखायचा. मधल्या सुट्टीत उरलेल्या फुटक्या फरशा घ्यायच्या, निळी म्हणजे तारा, पांढरी म्हणजे रिकामी जागा, आणि जमिनीवर मांडून बघायचं की कुठली चूक जास्त गमतीची दिसते. फोर्कलिफ्टवाला मित्र डबा खात बघत बसायचा. त्यानं सुरुवातीला विचारलं, हे काय चाललंय. फेरमोजे म्हणाला, अभ्यास. मित्रानं एकदा फरशांकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला की अभ्यास करताना माणूस असा लाजत नाही. त्यानंतर संध्याकाळी क्लासपर्यंत सोबत यायची त्यानं सवय लावून घेतली. वर यायचा नाही, लाँड्रीच्या पायरीवर बसून वाट बघायचा आणि खालूनच ओरडायचा, चल रे फेरमोजे. त्यामुळे मॅडमनीही तेच आडनाव धरलं. फेरमोजेनं तिथेही दुरुस्ती केली नाही. त्यांच्या तोंडून ते बरं वाटायचं.

एकदा मालक अचानक गोदामात आले. जमिनीवर फरशांचा ताजा क्यू पसरलेला, शेपूट चुकीच्या बाजूला. मालकांनी कमरेवर हात ठेवून विचारलं की हे काय. फेरमोजे फरशा मोजायला लागला. मित्रानं घास गिळून सांगितलं की नवीन नमुना आहे, न्हाणीघरासाठी. मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, शेपूट जरा या बाजूला घेतलं तर बरं दिसेल. संध्याकाळी क्लासमधे मॅडमनीही नेमकं तेच सांगितलं.

दिवस असे भुर्रकन उडाले. फेरमोजे शीळ घालायला लागला. घरात आरशासमोर रेंगाळू लागला. कुलूप न ओढता निघून जाऊ लागला. ताईच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही, पण तिनं तोंड उघडलं ते एकदाच. एका सकाळी तो चहा पिता पिता खिडकीबाहेर बघून उगाच हसला तेव्हा. तिनं सरळ विचारलं की कोण आहे. आणि त्यानं, जो शाळेत पेन हरवलं तरी घरी सांगायचा नाही, सगळं सांगून टाकलं. ए पासून एक्स पर्यंत, मॅडमचं लग्न झालेलं नाही हेही. भावोजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"आणि ती अक्षरं संपल्यावर काय करणार आहेस?" तिनं विचारलं.

तो म्हणाला की तोच तर प्रश्न आहे.

"अरे, चुका करून हसवायचं जमलं तुला. एक गोष्ट बरोबर करून विचारायचं मात्र जमत नाही. ती बाई आयुष्यभर सव्वीस अक्षरं शिकवत बसणार नाही तुझ्यासाठी."

भावोजी वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले की बरोबर आहे तिचं. भावोजींनी मत दिलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

फेरमोजेनं झेड काढला. झेडची तिरकी रेघ त्यानं सवयीनं उलटी काढली होती, मॅडम हसल्याही, पण त्याला ते हसणं पुरतं घेता आलं नाही. पुढची पायरी शेवटची. क्लासची रीत अशी होती की सव्वीस अक्षरं झाली की शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यानं आपल्या आवडीचं एक अक्षर सगळ्यांसमोर लिहायचं आणि ते थेट कागदावर छापायचं. पडद्यावर आधी बघायची मुभा नाही. अक्षर भलंमोठं, कागदभर. लूपही नेहमीच्या फॉर प्रकारचा नाही, व्हाइल प्रकारचा. फॉरमधे मोजणी पुढे सरकवायची सोय पहिल्याच ओळीत असते, विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. व्हाइलमधे ती वेगळी लिहावी लागते, स्वतःच्या आठवणीनं. मॅडमचं म्हणणं होतं की माणसाची परीक्षा तिथे होते. ते झालं की मॅडम हात मिळवायच्या आणि विद्यार्थी जिना उतरायचा तो कायमचा.

बाकीचे आपापल्या नावाचं पहिलं अक्षर छापायचे. फेरमोजेनं एच ठरवला. एच मॅडमच्या नावाचा. पाटीवरच होता, जी पाटी त्यानं पहिल्या दिवशी वाचली नव्हती आणि नंतर रोज वाचली. एच सोपा असतो. डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक उभी रेघ, आणि बरोबर मधल्या ओळीत दोघींना जोडणारी आडवी दांडी. चूक करायची नाही, एकही नाही. एच छापायचा, कागद मॅडमच्या हातात द्यायचा आणि विचारायचं. सगळा प्रोग्रॅम त्यानं पाठ केला, फरशांवर मांडून बघितला, मित्राला म्हणून दाखवला. मित्र म्हणाला की मला एक अक्षर कळलं नाही पण ऐकायला छान वाटतं.

त्या संध्याकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. लाँड्रीवाल्यानं खास कडक करून दिला होता, का ते न विचारता. मित्र पायरीवर बसला. वर सगळी पोरंपोरी मागच्या भिंतीला लागून उभी होती आणि पहिल्या बाकावरची मुलगी प्रिंटरच्या खोक्यातल्या लांबलचक सलग कागदाच्या घड्या सरळ करत होती. फेरमोजे टाइप करायला लागला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पेन्सिलीला लाकडाचा वास होता, एवढ्या जवळ. फेरमोजेनं शेवटचा कंस बंद केला, वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली आणि दुसऱ्यांदा फिरवायच्या आधीच बटण दाबलं.

प्रिंटर करकरला. पहिल्या ओळीत डावीकडे एक तारा, उजवीकडे एक तारा. दुसऱ्या ओळीत तेच. तिसऱ्यात तेच. दोन रेघा सरळ खाली उतरू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं की एच आहे वाटतं, आणि सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्मा लावला. कागद पुढे सरकत होता. आता मधली ओळ येईल, आता दांडी येईल. कागद टेबलाच्या कडेवरून खाली आला, दांडी नाही. जमिनीला टेकला, दांडी नाही. पोरं म्हणाली, काकांनी मोठ्ठा काढलाय. कागद दाराकडे सरपटत निघाला, दोन रेघा आपल्या जागी, एकमेकींपासून तेवढ्याच लांब, आणि मधे सगळं कोरं. तो उंबरठा ओलांडून जिन्यावर उतरला, एकेक पायरी उतरत खाली गेला, आणि खालून मित्राचा आवाज आला.

"मला टोक सापडलंय. ओढू का?"

कुणाला काही सुचायच्या आत त्यानं ओढायला सुरुवातही केली होती. पोरं हसून हसून भिंतीवर आपटत होती. पहिल्या बाकावरची मुलगी प्रिंटरचं बटण शोधत होती. ते बटण कधीचंच तुटलेलं होतं, शेवटी ती कपाटामागे आडवी होऊन शिरली आणि वायर उपटली. प्रिंटर गप्प झाला. हसणं थोडा वेळ चालू राहिलं आणि मग एकेक करून थांबलं, कारण मॅडम हसत नव्हत्या.

"फेरमोजे," त्या म्हणाल्या, "आजसुद्धा?"

त्याला काही कळेना. त्याचे डोळे पडद्यावर होते. मॅडमच पुढे बोलल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"ओ चं बूड गेलं तेव्हापासून मला माहीत आहे. ज्या माणसाचा एक सेमीकोलन कधी सुटत नाही, त्याचं प्रत्येक अक्षर पहिल्यांदा नेमकं गमतीदार कसं चुकतं? मी काही बोलले नाही. मलाही मजा वाटत होती. पण आज अक्षर माझं घेतलंत, सगळ्यांसमोर, आणि त्याचीही गंमत केलीत. हे मला आवडलं नाही."

तेवढ्यात फेरमोजेला पडद्यावर दिसलं. ओळ मोजणारा आकडा वाढवायची ती एक ओळ त्यानं लिहिलीच नव्हती. यंत्र बिचारं पहिल्या ओळीवरच उभं होतं, तीच तीच पहिली ओळ छापत होतं, मधल्या ओळीपर्यंत ते पोचणारच नव्हतं, सगळ्या जगातला कागद संपला तरी. फेरमोजे मोजायला विसरला होता. आणि ही गोष्ट आता मॅडमना पटवून द्यायची तर एकच मार्ग होता, आणि त्या मार्गावर आधीच्या सगळ्या चुका उभ्या होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "ही चूक खरी आहे."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या खोट्या होत्या. ए सोडून. ए खरा चुकला होता."

"का केल्यात मग?"

खाली इस्त्रीची वाफ फुसफुसली. 

"तुम्ही हसता म्हणून," फेरमोजे म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "ए बघून तुम्ही हसलात ना, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. अक्षरं लवकर संपू नयेत असंही वाटायचं. आज ठरवलं होतं की एकसुद्धा चूक करायची नाही, एच बरोबर काढायचा आणि तुम्हाला विचारायचं, माझ्याशी लग्न कराल का. पण तुम्ही मागे उभ्या राहिलात आणि मी मोजायलाच विसरलो. असं माझं आजवर कधीच झालं नाही, गोदामात कुणालाही विचारा. आणि माझं आडनाव फेरमोजे नाही, मॅडम, तेही सांगायचं राहिलं होतं."

पहिल्या बाकावरची मुलगी कपाटामागून अर्धी बाहेर आली होती, ती तशीच अर्धी राहिली. खालून मित्रानं विचारलं, अजून किती ओढू. 

 मॅडमनी फेरमोजेला खूण करून खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. दोन बटणं एकदम दाबून तो वेडा प्रोग्रॅम थांबवला. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत सगळा वाचून काढला. बाकी सगळं बरोबर होतं. एवढा नेटका व्हाइल या क्लासमधे आजवर कुणी लिहिला नव्हता, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग हव्या त्या ठिकाणी त्यांनी ती राहिलेली ओळ लिहिली, एकच छोटीशी ओळ, आणि मुलीला वायर लावायला सांगितली.

प्रिंटर पुन्हा करकरला. दोन रेघा निघाल्या.  रेघा उतरत गेल्या, उतरत गेल्या, आणि मग प्रिंटरचा आवाज बदलला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारे ठोकत ती आडवी दांडी छापली गेली, आणि पुन्हा दोन रेघा खाली. प्रिंटर आपणहून थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खालून मित्रानंही वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

मॅडमनी कागद फाडला आणि कडेच्या भोकांच्या पट्ट्या काळजीपूर्वक सोडवल्या. मग रीतीप्रमाणे हात पुढे केला. फेरमोजेनं तो हातात घेतला.

"तुमचा कोर्स संपला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून इथे यायचं तुम्हाला काही कारण नाही."

फेरमोजेचा चेहरा खर्रकन उतरला. बरं, म्हणत तो जिन्याकडे वळू लागला. मॅडमनी हात सोडला नव्हता. त्यांचे खांदे हलायला लागले होते. चष्मा निघाला, साखळीवर लोंबकळला, पेन्सिल घरंगळली आणि कुणीही ती उचलली नाही.

"घरी या," मॅडम कसंबसं म्हणाल्या. "आईच्या गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही. दिवसभर एकटी असते. मी दार उघडलं रे उघडलं की तिचा पहिला प्रश्न, त्या गोदामवाल्यानं आज काय चुकवलं. बी चं पोट सुटलं ते ऐकून ती इतकी हसली होती की मला पाणी द्यावं लागलं. रोज मीच सांगते तिला." त्यांनी डोळे पुसले. "आजची चूक मला नाही सांगता येणार. आजची तुम्हीच येऊन सांगा."